विषाणूचे दार आणि माणसाचे भय



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे एक चांगली रीत पडली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असेल त्याने ते चार लोकांना समजेल अशा भाषेत सांगावे, ही ती रीत होय. तिचा आधार घेऊनच आम्ही आज येथे उभे आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. आमची हयात कामगार चळवळीत गेली, आणि जे थोडेबहुत शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून शिकलो.

मग आम्ही विषाणूवर का बोलावे? याचे उत्तर साधे आहे. गेल्या पस्तीस वर्षांत पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कामगारांवर साथीच्या दोन मोठ्या आपत्ती आल्या. पहिली १९९० नंतरच्या दशकातील एड्सची, दुसरी २०२० सालच्या करोनाची. दोन्ही वेळा रोगाने माणसे गेली हे खरेच. परंतु दोन्ही वेळा रोगाच्या भयाने आणखी कितीतरी माणसांचे काम गेले, खोली गेली, शेजार तुटला. कोणाला भ्यावे, किती भ्यावे आणि कोठे मुळीच भिऊ नये, हे ठरवायचे तर एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे लागते: विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो तो नेमका कोणत्या दाराने? या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्या इतिहासातील बरीच पाने दूरदेशी लिहिली गेली. पण काही पाने पुण्याच्या कॅम्पात, पाषाणला, भोसरीच्या एम.आय.डी.सी.त आणि येथून हाकेच्या अंतरावर हिंजवडीत लिहिली गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

चिकटल्यावाचून प्रवेश नाही

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. जंतू आणि विषाणू यांची आपण नेहमी गल्लत करतो. प्लेगचा जंतू ही एक सबंध पेशी असते. ती स्वतः अन्न घेते, वाढते, दुभंगून दोनाच्या चार होते. विषाणू यांतले काहीच करीत नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली आनुवंशिक मजकुराची एक चिठ्ठी, एवढेच त्याचे स्वरूप. काहींना वरून स्निग्ध पदार्थाचे आणखी एक पांघरूण असते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या पेनिसिलीनने जंतूच्या अंगाभोवतीची भिंत नीट बांधली जात नाही, म्हणून जंतू मरतो. विषाणूला तशी भिंतच नसल्यामुळे तेच पेनिसिलीन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते. सर्दीपडशाला उगाच अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका असे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत, नाक-डोळे नाहीत. तो हवेबरोबर, पाण्याबरोबर किंवा रक्ताबरोबर वाहत जातो आणि पेशीवर आदळतो. पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते, आणि त्यातून हजारो प्रथिने व शर्करेच्या साखळ्या बाहेर डोकावत असतात. त्यांतील एखाद्या विशिष्ट प्रथिनाशी किंवा शर्करेशी विषाणूच्या अंगावरील उंचवट्याचा आकार जुळला, तरच तो चिकटतो. चिकटला तर आत जाण्याचा संभव. न जुळला तर तो तसाच वाहून जातो आणि नाश पावतो. पेशीवरील या जागेला शास्त्रज्ञ 'ग्राही' म्हणतात, इंग्रजीत रिसेप्टर.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. हे ग्राही पेशीने विषाणूसाठी मांडून ठेवलेले नसतात. प्रत्येक ग्राहीला शरीरात स्वतःचे काम असते. कारखान्याचे फाटक कामगारांच्या येण्याजाण्यासाठी असते. उद्या एखादा भामटा खोटा बिल्ला लावून आत शिरला, तर फाटक चोरासाठी बांधले होते असे कोणी म्हणणार नाही. विषाणूचा सगळा व्यवहार या खोट्या बिल्ल्याचा आहे. शिवाय बिल्ला ज्या फाटकाचा, त्याच फाटकावर तो चालतो. म्हणूनच कावीळ यकृताला धरते, फ्लू श्वासमार्गाला धरतो, आणि कोंबड्यांचा रोग बहुधा कोंबड्यांतच राहतो.

कोंबडीच्या रक्तातला पुरावा

हे सारे आज आम्ही जितक्या सहज सांगितले तितक्या सहज कळलेले नाही. १९४१ साली न्यूयॉर्क येथे रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट नावाचे शास्त्रज्ञ फ्लूच्या विषाणूवर काम करीत होते. हा विषाणू कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात वाढवीत असत. अंड्यातील द्रव काढताना त्यात कोंबडीच्या गर्भाचे थोडे रक्त मिसळले, तेव्हा हर्स्ट यांना दिसले की रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या बनत आहेत. निरोगी अंड्याच्या द्रवात असे होत नव्हते. विषाणूचा प्रत्येक कण दोन-दोन पेशींना धरून त्यांचे जाळे विणीत होता. त्याच वर्षी कॅनडात मॅक्लेलंड आणि हेअर या दोघांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले.

खरी मौज पुढे आहे. हर्स्ट यांनी त्या गुठळ्या उबदार जागी तशाच ठेवल्या. काही वेळाने गुठळ्या आपोआप सुटल्या आणि विषाणू मोकळा झाला. तो मोकळा झालेला विषाणू ताज्या रक्तपेशींत घातला, तर त्यांच्या गुठळ्या पूर्वीसारख्याच झाल्या. म्हणजे विषाणू जसाच्या तसा होता. परंतु एकदा सुटलेल्या जुन्या पेशींत नवा विषाणू घातला, तेव्हा गुठळ्या होईनात. याचा अर्थ काय? विषाणू ज्या वस्तूला चिकटला होता ती वस्तू त्याने सुटताना पेशीवरून कापून टाकली होती! पेशीच्या अंगावर विषाणूला धरण्याजोगी एक ठराविक वस्तू असते आणि ती गेली की विषाणूला थारा मिळत नाही, याचा हा उघड पुरावा होता.

१९४६ साली ऑस्ट्रेलियात बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की पटकीच्या जंतूपासून मिळणारे एक पाचक द्रव्यही रक्तपेशींवरील हीच वस्तू कापून टाकते. ती वस्तू म्हणजे सायलिक आम्ल नावाची एक शर्करा, हे पुढील दहा वर्षांत निश्चित झाले. विषाणूच्या अंगची ही कात्री निकामी करणारे औषध पुढे तयार झाले, आणि ऑसेल्टामिविर या नावाने ते १९९९ पासून वापरात आले. आपल्याकडे २००९ साली 'टॅमिफ्लू' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला होता, ते हेच औषध.

पुण्याचे विषाणू केंद्र

याच रॉकफेलर फाउंडेशनने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेबरोबर १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उघडले. डास, गोचीड अशा कीटकांमार्फत पसरणारे विषाणू शोधणे हे त्याचे पहिले काम. रोगी दिसत, मृत्यू दिसत. परंतु कोणत्या विषाणूने ते झाले हे सांगणारे साधन देशात फार थोडे होते. हर्स्ट यांच्या गुठळीचा येथे मोठा उपयोग झाला. माणसाच्या रक्तात एखाद्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील, तर ती विषाणूला आधीच वेढतात आणि परीक्षानळीतील रक्तपेशींची गुठळी होऊ देत नाहीत. गुठळी झाली नाही, म्हणजे हा विषाणू त्या माणसाला पूर्वी भेटून गेला आहे, असा निष्कर्ष काढता येतो. पेशीला चिकटण्याची जी क्रिया रोगाचे मूळ, तीच रोग ओळखण्याचे साधन झाली.

१९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि मागोमाग जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणली, तेव्हा त्या रोगाचा विषाणू पुण्याच्या या केंद्राने शोधून काढला. तो गोचिडांमार्फत पसरतो हेही दाखविले. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावातील तापाच्या रोग्यांच्या रक्तातून भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी एक सर्वस्वी नवा विषाणू वेगळा केला. आज जगभरच्या ग्रंथांत तो चांदिपुरा याच नावाने ओळखला जातो. १९७८ साली या केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था असे झाले, आणि २०१२ साली पाषाण येथे अत्यंत घातक विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा सुरू झाली.

नवापूरच्या कोंबड्या

ग्राहीचे महत्त्व महाराष्ट्राला सर्वांत स्पष्ट दिसले ते २००६ साली. त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ निघाली. देशातली ही पहिलीच. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. कोंबड्या हाताळणारे मजूर, त्यांची बायकापोरे यांच्यात तापाचे रोगी शोधून त्यांचे नमुने तपासणीस पुण्याला आले. देशभर घबराट उडाली. चिकन-अंडी खाणे लोकांनी सोडले आणि कुक्कुटपालनावर पोट असणारी असंख्य कुटुंबे नागवली. तथापि त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.

हे दैव नव्हे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे एक मोठे कारण दाखवून दिले. पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूला लागणारी शर्करा एकच. परंतु ती साखळीला दोन निरनिराळ्या प्रकारे जोडलेली असते. पक्ष्यांच्या विषाणूला एक जोडणी पसंत, माणसांच्या विषाणूला दुसरी. माणसाच्या नाकाघशात व मोठ्या श्वासनलिकांत प्रामुख्याने दुसरी जोडणी आढळते. पहिली आढळते ती फुप्फुसाच्या अगदी तळाशी. म्हणून पक्ष्यांच्या विषाणूला माणसात शिरकाव कठीण जातो. पण क्वचित तो तळापर्यंत पोहोचलाच, तर आजार भयंकर होतो, आणि तरीही शिंकेवाटे तो दुसऱ्याकडे सहज जात नाही. नट आणि बोल्ट यांचे आटे जुळले नाहीत तर कितीही जोर लावला तरी ते बसत नाहीत, हे फिटरला सांगावे लागत नाही.

तीनच वर्षांनी उलटा अनुभव आला. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूचे आटे माणसाच्या नाकाघशाशी चांगले जुळलेले होते. तो पाहता पाहता पसरला, आणि त्या साथीतला देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातच झाला. नवापूरला विषाणू अधिक घातक होता, पण दार जुळत नव्हते. पुण्यात विषाणू तितका घातक नव्हता, पण दार जुळत होते. साथ पसरते ती केवळ विषाणूच्या क्रौर्यावर नव्हे, तर दार जुळण्यावर, हा यातला बोध.

दार ओलांडून दिले तर?

कोणी म्हणेल, दाराला एवढे महत्त्व कशाला? आतली व्यवस्था प्रतिकूल असल्यामुळेही विषाणू वाढत नसेल. ही शंका रास्त आहे, आणि तिचा निकाल १९५९ साली अमेरिकेत जॉन हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. पोलिओचा विषाणू माणसाच्या व माकडाच्या पेशींना लागतो, इतर बहुतेक प्राण्यांच्या पेशींना लागत नाही. त्यांनी प्रथम दाखविले की माणसाच्या व माकडाच्या पेशींचा लगदा विषाणूला धरून ठेवतो, इतर प्राण्यांचा धरीत नाही. मग त्यांनी विषाणूचे वेष्टन काढून टाकले आणि आतली नुसती चिठ्ठी इतर प्राण्यांच्या पेशींत घातली. त्या पेशींनी निमूटपणे नवे विषाणू बनविले! म्हणजे आतला कारखाना चालू होता. अडत होते ते फाटकावरच. फाटक बनविणारे जनुक १९८९ साली सापडले, आणि १९९० साली ते मानवी जनुक उंदरांत घातल्यावर पोलिओ न होणाऱ्या उंदरांना पोलिओ होऊ लागला. शंकेला जागा उरली नाही.

भोसरीची संस्था आणि कामगाराचा डबा

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. भोसरीच्या एम.आय.डी.सी.त यंत्रांच्या खडखडाटात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या आजूबाजूच्या कारखान्यांत हजारो कामगार तीन पाळ्यांत काम करीत. परंतु त्या इमारतीत काय चालते याची त्यांना कल्पना नव्हती. नुसत्या नावानेच माणसे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जात.

एड्सच्या विषाणूचे दार १९८४ साली पॅरिस व लंडन येथील शास्त्रज्ञांना सापडले. रक्तातील पांढऱ्या पेशींत एक जात शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलविते. तिच्या अंगावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. विषाणू त्यालाच धरतो. म्हणजे चोर येतो तो थेट पहारेकऱ्यांच्या चौकीत. परंतु केवळ सीडी-४ पुरेसे नाही, दुसरीही एक कडी लागते, हे १९९६ साली उलगडले. ती कडी बहुधा सीसीआर-५ हे प्रथिन असते. भारतात आढळणारा विषाणूचा प्रकार तर मुख्यतः याच कडीवर अवलंबून असतो. उत्तर युरोपातील शेकडा एखाद्या माणसात ही कडी जन्मतःच नसते, आणि अशी माणसे विषाणूच्या संपर्कात येऊनही बहुधा निरोगी राहतात. आपल्या लोकांत असे फार विरळा. ही कडी झाकणारे मॅराविरॉक हे औषध २००७ साली अमेरिकेत मंजूर झाले. दाराचे ज्ञान औषध बनते, ते असे.

पण या ज्ञानाचा आणखी एक उपयोग आहे, आणि कामगाराच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा. ज्या पेशींवर ही दोन्ही प्रथिने असतात त्या रक्तात आणि शरीराच्या आतल्या नाजूक त्वचेलगत असतात. धडधाकट कातडीचा बाहेरचा थर मृत पेशींचा. तेथे विषाणूला धरायला काही नाही. घामातून, अश्रूंतून, एका पेल्यातून पाणी प्याल्याने, एकाच लेथवर काम केल्याने, एका संडासाचा वापर केल्याने हा रोग लागत नाही. 'डास चावला तर?' हा प्रश्न आम्हांला फाटकसभांत हमखास विचारला जाई. डेंग्यूच्या विषाणूला डासाच्या पेशींत शिरता येते आणि तेथे वाढता येते; एड्सच्या विषाणूला डासाच्या शरीरात दारच नाही. तो तेथे वाढत नाही, आणि डासही एकाचे शोषलेले रक्त दुसऱ्याच्या अंगात टोचत नाही.

हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते? त्या काळात आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्यात एका कामगाराच्या रक्ततपासणीची बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचा चहाचा पेला वेगळा झाला, तिसऱ्या दिवशी डबा वेगळा, आणि महिन्याभरात तो कामावर दिसेनासा झाला. कोणी त्याला मारले नाही, शिवी दिली नाही. नुसते सरकून बसले. रोगाने त्याला अजून हातही लावला नव्हता. अज्ञानाने त्याची भाकरी हिरावली.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली अशाच एका प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळातल्या रोजंदारी कामगाराला, तो काम करण्यास सक्षम असूनही, केवळ तपासणीत विषाणू आढळला म्हणून काम नाकारण्यात आले होते. त्याचे नाव गुप्त ठेवण्याची परवानगी न्यायालयाने दिली, आणि निकाल दिला की जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना खरा धोका नाही, त्याला या कारणासाठी कामावरून दूर ठेवणे घटनेला धरून नाही. 'खरा धोका' हे शब्द महत्त्वाचे. खरा धोका कोणता हे न्यायाधीशाला कोण सांगणार? ज्यांनी विषाणूचे दार शोधले तेच! प्रयोगशाळेतील बारीक काम येथे रोजंदारी मजुराच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. पुढे २०१७ साली संसदेने याविषयी कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरीत असा भेदभाव करणे आज कायद्याने निषिद्ध आहे.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून एड्सची औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २०११ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; त्यात भोसरीच्या संस्थेचाही सहभाग होता. औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ ने घटते, असे त्यात आढळले. म्हणजे ज्याला आपण दूर लोटत होतो त्याला वेळेवर औषध मिळणे हेच सर्वांचे संरक्षण होते.

करोनाचे दार

२००२ साली चीनमध्ये उद्भवलेल्या सार्स रोगाचा विषाणू एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले होते. रक्तदाबाच्या नियमनात या प्रथिनाचे काम असते. त्यामुळे २०१९ च्या अखेरीस नवा करोना विषाणू आला, तेव्हा शास्त्रज्ञांना अंधारात चाचपडावे लागले नाही. २०२० च्या आरंभीच कळले की याचेही दार तेच. हे प्रथिन नाकातल्या पेशींवर आणि फुप्फुसांतही असते. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला रोगी निश्चित झाला, तो पुण्याच्या संस्थेतील तपासणीने. त्याच रोग्याच्या घशातील नमुन्यातून संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे छायाचित्र घेतले. त्यातला एक कण ७५ नॅनोमीटरचा होता. असे तेरा हजार कण एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या कडेने गोल डोक्याचे काटे स्पष्ट दिसत होते. हे काटे म्हणजेच तो खोटा बिल्ला.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले रोगी पुण्यात सापडले. २५ मार्चपासून देश बंद झाला. चाकणच्या आणि हिंजवडीच्या बांधकामांवरचे, कारखान्यांतले मजूर डोक्यावर बोचके घेऊन पायी निघाले. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात रुळांवरच झोपले असताना मालगाडीखाली सापडले. करोनाच्या मृतांत त्यांची गणना होत नाही. आमच्या मते व्हावयास हवी.

वर्षभराने दुसरी लाट आली, ती पहिलीहून भीषण. तिचे मूळ शोधताना पुण्याच्या संस्थेतील सारा चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या नमुन्यांतील विषाणूंचा मजकूर अक्षर अक्षर वाचला. काट्याच्या प्रथिनातील ४५२ व ४८४ या क्रमांकांच्या जागी, म्हणजे नेमक्या एसीई-२ ला भिडणाऱ्या भागात, बदल झालेले आढळले. काही विषाणूंत ४७८ व्या जागीही. शिवाय ६८१ व्या जागी असा बदल होता की पेशीत शिरण्यापूर्वी काट्याला जो छेद जावा लागतो तो अधिक सहज जावा. पकड बदलली, छेद सोपा झाला, आणि पूर्वीच्या प्रतिद्रव्यांना हुलकावणी देणेही काहीसे साधले. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या घराण्यातील एका शाखेला 'डेल्टा' हे नाव दिले. हजाराहून अधिक दुव्यांच्या साखळीतील तीन-चार दुवे बदलले, आणि गावोगावच्या स्मशानांत जागा पुरेना.

परंतु ज्ञानाची बाजूही विसरू नये. बहुतेक लशींनी याच काट्याला लक्ष्य केले. काट्याची ओळख शरीराला आधीच करून दिली, की प्रतिद्रव्ये त्याला वेढतात आणि तो दाराशी जुळू शकत नाही. पुण्याच्या सीरम संस्थेची कोविशील्ड याच तत्त्वावरची. कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा करून दिला. या दोन्ही लशींना ३ जानेवारी २०२१ रोजी मंजुरी मिळाली. आणि माणच्या शेजारी हिंजवडीतल्या जिनोव्हा कंपनीने काट्याची केवळ चिठ्ठी शरीरात पोहोचविणारी, देशात विकसित झालेली त्या प्रकारची पहिली लस तयार केली. तिला जून २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ज्या शिवारात आपल्या वाडवडिलांनी भात लावला त्याच्या बांधाला लागून आज हे काम होते, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. तेथे झाडलोट करणारा, पहारा देणारा, काचसामान धुणारा माणूसही या कामाचा वाटेकरी आहे, एवढीच आमची पुस्ती.

या इतिहासातून घ्यावयाचे काय?

पहिली गोष्ट अशी की 'साथ' हा शब्द एकच असला तरी दारे निरनिराळी आहेत, आणि दार पाहून उपाय ठरवावा लागतो. ज्याचे दार नाकात आहे त्याच्यासाठी हवा खेळती हवी, तोंडावर मुसके हवे, दाटीवाटी टाळायला हवी. मग एका खोलीत आठ-आठ कामगार राहतात आणि शेडला खिडकी नसते, हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. तो आरोग्याचा प्रश्न ठरतो. तापलेल्या माणसाला पगारी रजा नसेल तर तो ताप लपवून कामावर येणारच. त्याला दोष देऊन साथ थांबत नाही. रजा देऊन थांबते.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याचे दार रक्तात आहे त्याच्यासाठी निर्जंतुक सुई, तपासलेले रक्त, सुरक्षित संबंध आणि वेळेवर औषध हवे. तेथे वेगळा पेला, वेगळा डबा, वेगळे बाकडे यांनी कोणाचेही रक्षण होत नाही, फक्त एका माणसाचा अपमान होतो. कोणाच्या तपासणीचा कागद कोणाच्या हाती जावा यावर प्रत्येक कामगार संघटनेने जागता पहारा ठेवला पाहिजे.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या क्षेत्रातली. मागणीपत्रात आपण पगार लिहितो, बोनस लिहितो, आणि ते लिहिलेच पाहिजे. त्याच कागदावर हवेशीर शेड, आजारपणाची रजा आणि तपासणीची गुप्तता या तीन ओळीही आल्या पाहिजेत. आणि त्या का आल्या हे समोर बसलेल्या व्यवस्थापकाला समजावून सांगण्याइतके शास्त्र आपल्यापाशी असले पाहिजे. मोठ्या पदवीची त्यासाठी गरज नाही. हर्स्ट यांच्या अंड्यातली गुठळी आपण आज संध्याकाळी समजून घेतलीच की! भोसरीची संस्था आणि पाषाणची प्रयोगशाळा आपल्या करांतून उभ्या आहेत. तेथील लोकांना पुढच्या वसंतात याच मंडपात बोलवावे, अवघड वाटतील ते प्रश्न निःसंकोच विचारावे, आणि मिळालेली उत्तरे दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या चहाबरोबर कारखान्यात वाटावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.